गिअर कोणीं बदलावा?

मोटारीचें इंजिन स्वभावानें थोडें हट्टी असतें. त्याच्या फेऱ्या एका मर्यादेखालीं आणल्या तर तें बंद पडतें, आणि त्याचें खरें बळ वरच्या एका ठराविक टप्प्यांतच प्रकट होतें. चाकांची मागणी मात्र वेगळी. त्यांना मुंगीच्या चालीपासून ताशीं ३०० किलोमीटरपर्यंत सर्व वेग हवे असतात. या दोघांचें जुळवून देणें हें गिअरच्या पेटीचें काम होय. पेटींत लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या असतात, आणि एक जोडी सोडून दुसरी धरतांना इंजिनाचा व पेटीचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तो तोडणारा व पुन्हां जोडणारा भाग म्हणजे क्लच. डाव्या पायानें क्लच दाबावा, हातानें दांडा सरकवावा, पाय अलगद उचलावा, ही त्रिविध क्रिया एकदां अंगवळणीं पडली म्हणजे ती श्वासोच्छ्वासाइतकी सहज होते.

परंतु दांडा सरकत असेपर्यंत चाकांकडे शक्ति जात नाहीं. चांगल्या चालकालाहि यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. मंडईंत जाणाऱ्या गृहस्थास त्याचें कांहींच वाटणार नाहीं. शर्यतींत मात्र ताशीं १८० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी तेवढ्यांत २५ मीटर पुढें गेलेली असते, आणि ते २५ मीटर ती केवळ पूर्वीच्या पुण्याईवर धांवलेली असते.

ही उणीव दूर करण्याची कल्पना जुनीच आहे. आदोल्फ केग्रेस नांवाचा फ्रेंच यंत्रज्ञ एके काळीं रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याची व्यवस्था पाहत असे; बर्फांतून पट्ट्यांवर चालणारी गाडी ही त्याची प्रसिद्ध करामत. याच गृहस्थानें १९३९ सालीं दोन क्लचांच्या पेटीचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, १९४३ सालीं केग्रेस वारला, आणि त्याची पेटी बाजारांत कधीं आलीच नाहीं.

तिची रचना अशी. पेटींत दोन दंड असतात, एक पोकळ आणि दुसरा त्याच्या पोटांतून जाणारा. एकावर पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या गिअरचीं चक्रें, दुसऱ्यावर दुसऱ्या, चौथ्या व सहाव्याचीं; आणि प्रत्येक दंडास स्वतंत्र क्लच. गाडी तिसऱ्या गिअरमध्यें धांवत असतांना चौथ्याची जोडी अगोदरच जुळवून ठेवलेली असते. वेळ आली कीं एक क्लच सुटूं लागतो आणि त्याच क्षणीं दुसरा पकडूं लागतो. पालखी खालीं न ठेवतां भोयांनीं खांदा बदलावा, तसा हा प्रकार आहे. पुढें चौथा जुळवावा कीं दुसरा, याचा अंदाज मात्र कोणीतरी आधीं बांधावा लागतो. हें काम विद्युत्-यंत्रणा करते. गाडीचा वेग आणि चालकाच्या पायाचा दाब पाहून ती तर्क करते. तर्क चुकला तर किंचित् विलंब होतो, परंतु तो क्वचितच चुकतो. १९३९ सालीं असा तर्क करणारें यंत्रच नव्हतें.

तें मिळाल्यावर पोर्शे या जर्मन कारखान्यानें १९८० नंतरच्या दशकांत आपल्या शर्यतीच्या गाड्यांवर प्रयोग केले, आणि १९८६ सालीं इटलींतील मोंझा येथें अशी पेटी बसवलेली ९६२ ही गाडी पहिली आली. घरगुती वापराच्या गाडींत ही पेटी प्रथम फोक्सवागेननें २००३ सालीं गोल्फ आर ३२ मध्यें घातली. २००९ सालच्या फेरारी ४५८ मध्यें तर हातच्या दांड्याला जागाच ठेवली नव्हती.

आतां खऱ्या वादाकडे येऊं. पोर्शेची ९११ जीटी३ ही शर्यतीच्या मैदानाला साजेशी, पण रस्त्यावर चालवतां येणारी गाडी. २०१३ सालीं कारखान्यानें ती केवळ दुहेरी क्लचसह विकावयास काढली. युक्तिवाद बिनतोड होता: ही पेटी अधिक वेगवान, आणि जीटी३ घेणारा वेगासाठींच पैसे मोजतो. परंतु २०१६ सालीं त्याच कारखान्यानें ९११ आर ही गाडी केवळ हातच्या गिअरसह काढली, तीहि अवघ्या ९९१ नगांची, आणि गिऱ्हाइकांनीं तिच्यावर झडप घातली. जुन्या गाड्यांच्या बाजारांत तिची किंमत मूळ किंमतीच्या कितीतरी वर चढली. २०१७ सालीं जीटी३ मध्यें दांडा परत आला.

२०२१ च्या जीटी३ चे कारखान्यानें दिलेले आंकडे पाहावे. शून्यापासून ताशीं १०० किलोमीटर वेग गांठण्यास दुहेरी क्लचला ३.४ सेकंद, हातच्या गिअरला ३.९. अर्धा सेकंद! दुसऱ्या बाजूस हातच्या गिअरची गाडी १७ किलोग्रॅमनें हलकी आणि तिचा परमवेग ताशीं ३२०, दुहेरीचा ३१८. घड्याळाचा निकाल इतका स्पष्ट असतांहि मनुष्य दांडा मागतो, त्यास मी वेडेपणा म्हणणार नाहीं. वळणाआधीं उजव्या पायाच्या चवड्यानें ब्रेक दाबून त्याच पायाच्या टांचेनें इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या आणि खालचा गिअर धक्का न बसतां लावावा, यांत कौशल्य आहे, आणि तें साधल्याचा आनंदहि आहे. दुहेरी क्लच हेंच काम अधिक अचूक करतो, पण त्याचें श्रेय चालकाला मिळत नाहीं. गंमत अशी कीं, हातच्या गिअरच्या कित्येक नव्या गाड्यांत फेऱ्या वाढवण्याचें कामहि आतां यंत्रच करतें! घड्याळाशीं स्पर्धा करणाऱ्यानें दुहेरी क्लच घ्यावा. जो सकाळीं घाटांत केवळ चालवण्यासाठीं जातो, त्यास माझ्या मतें दांडाच बरा.

शहरवासी कुटुंबांना यांतली एक गोष्ट उपयोगाची आहे, कारण पुण्याजवळ चाकण येथें बनलेल्या फोक्सवागेनच्या कांहीं गाड्यांतून ही पेटी आपल्याकडेहि आली आहे. या लहान पेट्यांचे क्लच तेलांत बुडालेले नसतात. मुंबईच्या रहदारींत गाडी इंच इंच सरकूं दिली तर क्लच सतत घासत राहून तापतो. म्हणून पुढें गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेक पुरता दाबून थांबावें, आणि चढावर केवळ ॲक्सिलरेटरच्या आधारावर गाडी कधींहि तोलून धरूं नये.

विजेच्या गाडीचें इंजिन मूळचें हट्टी नाहीं. तें शून्यापासूनच पूर्ण जोर देतें, म्हणून बहुतेक अशा गाड्यांत गिअर बदलणें हा प्रकारच नसतो. तरीहि २०२३ सालीं बाजारांत आलेल्या ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडींत एक सोय ठेवली आहे. ती चालू केली कीं आठ गिअरांच्या दुहेरी क्लचचा भास होतो. गिअर बदलल्याचा धक्का मोटरीचा जोर क्षणभर कमी करून दिला जातो, आणि इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून ऐकवला जातो.