सेवा करणाऱ्याचीही नाडी पाहा

पावसाळ्यात पंचेचाळिशीच्या एक बाई सासऱ्यांची औषधे न्यायला दवाखान्यात आल्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून वर्षभर सासरे खाटेवर आहेत. त्यांची चौकशी झाल्यावर मी म्हटले, "बसा, आता तुमचे ब्लडप्रेशर पाहू."

"मले काय झालं जी, डॉक्टरसाहेब? बिमार तर मामाजी हायेत."

मोजले तर १७० वर ११०! महिनाभर डोके दुखत होते, कंबर धरली होती, रात्री तीनदा उठावे लागत असल्याने झोप नव्हती. हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायच्या, ती मजुरीही बुडाली होती. जाता जाता खाली मान घालून म्हणाल्या, "कधी कधी वाटते, मामाजी सुटले तर बरं. पाप लागन का मले?"

वाचकहो, हे पाप नाही, हा थकवा आहे. झोप उडणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, एकटे असताना रडू येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणसाला नावे न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. थकलेल्या हातून औषधाची वेळ चुकते आणि शेवटी रुग्णाचेच हाल होतात.

काही गोष्टी घरातील प्रत्येकाने, विशेषतः पुरुषांनी, शिकून घ्याव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर माकडहाड व टाचांवर जखमा होतात. आडवे ठेवून पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. उशा लावून बसवावे व जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. काखेत हात घालून ओढू नये, त्याने लुळ्या हाताचा खांदा दुखावतो. पाठीखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी सरकवावे. यात सेवा करणाऱ्याची कंबरही वाचते. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात, म्हणजे कोणालाही देता येतील.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर टाकली आहे. सुनेचे नाव त्यात नाही, पण घरोघरी बेडपॅन तिच्याच हातात दिसते! सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. ते कार्ड जरूर काढावे. घरची रोजची सेवा मात्र त्यात येत नाही, ती आपसांतच वाटून घ्यावी लागते.

नागपूर-पुण्याला असलेल्या भावा-बहिणींनी केवळ पैसे पाठवून मोकळे होऊ नये. महिन्यातून चार दिवस यावे, त्या दिवसांत घरच्यांना झोपू द्यावे. आल्यावर "बाबा किती वाळले" असे म्हणण्याऐवजी "वहिनी, आज रात्री मी उठतो" असे म्हणावे.

त्या बाईंच्या नवऱ्याला मी बोलावून घेतले. आता रात्रीची कूस तो बदलतो. दिवाळीनंतर नणंद पंधरा दिवस राहून गेली. परवा बाईंचे ब्लडप्रेशर १४० वर ९० निघाले. गोळी चालूच आहे, ती मनाने बंद करू नये हेही त्यांना बजावले.

आपल्या घरीही कोणी खाटेवर असेल, तर पुढच्या खेपेला औषध न्यायला येणाऱ्यांनी पाच मिनिटे जास्त काढून यावे. पट्टा त्यांच्याही दंडाला बांधायचा आहे.