सराफ्यातल्या जुन्या संगणकाचा दुसरा पडदा

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला मुक्काम हलवला, तेव्हा किल्ल्याच्या दक्षिणेला त्यांच्या फौजेची छावणी पडली. ती पुढे उठलीच नाही. तिचंच शहर झालं आणि नावही लष्कर असंच राहिलं. या लष्करातल्या महाराज बाड्याला लागून सराफा बाजार आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मंगळसूत्रं, पाटल्या, तोडे पिढ्यान्‌पिढ्या याच बाजारातून येत आले आहेत.

सराफी दुकानाच्या काउंटरला दोन बाजू असतात. आत बिल करणारा बसतो, बाहेर गिऱ्हाईक. वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि त्यावर तीन टक्के जीएसटी हा सगळा हिशेब आतल्या माणसासमोरच्या पडद्यावर उमटतो आणि बाहेरच्याला दिसते ती मॉनिटरची पाठ. लाखाच्या व्यवहारात ही पाठ फार खटकते. गिऱ्हाइकाकडे तोंड करून दुसरा मॉनिटर ठेवला की हा प्रश्न सुटतो. त्यासाठी नवा संगणक घ्यावा लागेल असं पुष्कळांना वाटतं, पण दहा-पंधरा वर्षं जुना डेस्कटॉपही हे काम करतो. ही क्षमता वैयक्तिक संगणकाच्या अंगात जवळजवळ जन्मापासून आहे.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यासाठी पडद्याची दोन कार्डं मिळत. एक फक्त अक्षरांचं, एकरंगी. दुसरं रंगीत चित्रांचं. दोघांना स्मृतीतल्या वेगवेगळ्या जागा नेमून दिलेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रात बसत आणि एकमेकांच्या वाटेत येत नसत. १९८३ च्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये तर एका पडद्यावर आकडे आणि दुसऱ्यावर त्यांचा आलेख अशी सोय होती. पुढे १९९८ मध्ये विंडोज ९८ ने अनेक मॉनिटर एकत्र चालवायची व्यवस्था घरोघरी पोचवली. १९९९ मध्ये कॅनडाच्या मॅट्रॉक्स कंपनीने जी४०० या एकाच कार्डातून दोन स्वतंत्र चित्रं बाहेर काढून दाखवली.

आता जुन्या कॅबिनेटची पाठ बघू. धूळ पुसली की निळ्या रंगाचं, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं तोंड दिसतं. पाच-पाच भोकांच्या तीन ओळी आणि दोन्ही बाजूंना स्क्रू आवळायची जागा. हा व्हीजीए, १९८७ सालचा. पंधरा पिनांपैकी तीन पिनांवरून लाल, हिरवा आणि निळा हे रंग जातात. प्रत्येकाचा दाब शून्य ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान बदलत राहतो आणि तेवढ्याच चढउतारातून सगळं चित्र घडतं. आणखी दोन तारा ओळ कुठे संपली आणि पडदा कुठे संपला एवढंच सांगतात. बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून उलट दिशेने माहिती येते. मॉनिटर आपली ओळख, आपल्याला कोणती मापं जमतात हे सारं १२८ बाइटांच्या छोट्या टिपणात संगणकाला कळवतो. म्हणूनच केबल लावताच बहुधा योग्य मापाचं चित्र येतं. जुन्या केबलीतली एखादी पीन वाकली की मॉनिटर ‘अनोळखी’ दिसतो किंवा पडद्यावर एकच रंग पसरतो. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो, म्हणून खटपटीची सुरुवात केबलीपासून करावी.

व्हीजीएशेजारी डीव्हीआय किंवा एचडीएमआयचं तोंड असेल तर काम अर्ध्यावर आलं. अशा बऱ्याच मदरबोर्डांतून दोन पडदे एकाच वेळी चालतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. एचडीएमआयमधून व्हीजीए मॉनिटरकडे जायचं तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, कारण आकड्यांचं रूपांतर व्होल्टमध्ये कुणीतरी करावं लागतं. जुन्या डीव्हीआय-आय तोंडात व्हीजीएचे सिग्नल आधीच असतात, तिथे साधं जोडतोंड पुरतं.

एकच व्हीजीए असेल तर लोक बाजारातून स्वस्तातला स्प्लिटर आणतात आणि फसतात. एका नळाला दोन तोंडं लावली तरी दोन्हींतून येणारं पाणी एकच. स्प्लिटरमधून दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र जातं, वेगळं काही दाखवता येत नाही. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्ड घालावं. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते आणि जीटी ७१० सारख्या साध्या कार्डाला १९ वॉट पुरतात, म्हणजे जुना पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. कॅबिनेट चपटं असेल तर अर्ध्या उंचीचं कार्ड मागावं. वीज बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि खाचेच्या टोकाची कळ ‘कट’ वाजेपर्यंत कार्ड दाबावं. कार्ड बसताच पुष्कळ मदरबोर्ड स्वतःचं व्हीजीए बंद करतात. तेव्हा दोन्ही मॉनिटर नव्या कार्डालाच जोडावेत. कार्डावर तोंडं पुरत नसतील तर बायोसमध्ये जाऊन मूळचं व्हीजीए चालू ठेवायची सेटिंग शोधावी.

यूएसबीवर चालणारे अडॅप्टरही मिळतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं म्हणजे जवळपास ३०० कोटी बिट. यूएसबी २.० ची मर्यादा ४८ कोटी बिटांची. चित्र दाबून, फक्त बदललेला भाग पाठवून हे अडॅप्टर निभावून नेतात. बिलाच्या स्थिर पडद्याला ते चालेल, पण प्रोसेसरवर भार पडतो.

मॉनिटर कोणता घ्यावा? मी तर जुना १७ इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४ चाच सुचवीन. बिल उभं असतं आणि उंच पडद्यावर मोठ्या अक्षरांत नीट मावतं. शिवाय काउंटरवर जागा कमी लागते.

खरी मौज यापुढे आहे. विंडोजची कळ आणि पी दाबलं की विंडोज ७ पासून पुढे पर्याय येतात. डुप्लिकेट निवडलं तर दोन्हीकडे एकच चित्र. सराफाने हे कधीच निवडू नये, कारण दुसऱ्या कुणाची उधारी किंवा मालाची खरेदीकिंमत थेट गिऱ्हाइकासमोर उघडी पडेल. एक्स्टेंड निवडलं की दोन पडद्यांचं मिळून एकच मोठं मैदान होतं. मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. दुसरा मॉनिटर उजवीकडे मांडला तर त्याचे ठिपके मुख्य पडद्याच्या रुंदीपासून पुढे मोजले जातात आणि डावीकडे मांडला तर उणे आकड्यांत. माउसचा बाण कडेवरून पलीकडे जातो तो या मोजणीच्या आधारावर. टेबलावर मॉनिटर डावीकडे आणि सेटिंगमध्ये उजवीकडे असेल तर बाण भलत्याच कडेला अडतो. डिस्प्ले सेटिंगमधले चौकोन ओढून खऱ्या जागेप्रमाणे लावले की झालं.

सराफीत या दुसऱ्या पडद्याला आणखी एक उपयोग जोडला गेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सक्तीचा झाला. दागिन्यावर तो इतका बारीक कोरलेला असतो की भिंगाशिवाय वाचता येत नाही. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर तो ठळक दिसला तर तिथल्या तिथे बीआयएस केअर ॲपमध्ये घालून तपासता येतो. धनत्रयोदशीच्या गर्दीत आजींनाही आपला आकडा लांबून वाचता येईल, इतकी मोठी अक्षरं ठेवावीत.

दुकान बंद करताना दुसरा मॉनिटर काढून ठेवला आणि सकाळी एखादी खिडकी कुठेच दिसेना, तर ती त्या पलीकडच्या मैदानात राहिलेली असू शकते. खालच्या पट्टीवर तिच्या चिन्हावर क्लिक करावं, मग विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबावेत. मॉनिटर जोडलेला असताना एखादी खिडकी इकडून तिकडे न्यायलाही हेच तीन बोटांचं काम.