शीघ्रवेधी पिस्तूल नेमबाजी

शीघ्रवेधी पिस्तूल नेमबाजी : अल्प व ठरावीक अवधीत पिस्तुलाने एकामागून एक लक्ष्ये वेधण्याचा क्रीडाप्रकार. पुरुषांच्या ऑलिंपिक स्पर्धेत २५ मी. अंतरावर पाच लक्ष्यफलक ओळीने मांडलेले असतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ७५ सेंमी. असते. प्रत्येक फलकावर एक याप्रमाणे पाच गोळ्या ८, ६ व ४ सेकंदांच्या मालिकांत झाडावयाच्या असतात. अशा एकूण ६० गोळ्या होतात. पिस्तूल ५·६ मिमी. व्यासाचे असून ते एकाच हातात, आधाराविना धरतात आणि मालिकेपूर्वी हात खाली झुकलेला ठेवावा लागतो. महिलांच्या २५ मी. स्पर्धेत पहिल्या ३० गोळ्या अचूकतेच्या, तर उरलेल्या ३० शीघ्रवेधाच्या असतात. शीघ्रवेधात फलक प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद समोर येतो व ७ सेकंद दडतो.

चार सेकंदांच्या मालिकेत पहिल्या गोळीस साधारण दीड सेकंद लागला, तर पुढील चार गोळ्यांच्या वाट्यास प्रत्येकी सहा दशांश सेकंदाच्या आसपास अवधी उरतो. त्यामुळे वेग म्हणजे बोटाची चपळाई, हा नवशिक्याचा समज फसवा ठरतो. घाईने चाप ओढला, की नळी खाली व बाजूस झुकते आणि गोळी भरकटते. कुशल नेमबाजाचा वेग वाढतो तो अनावश्यक हालचाली गळून पडल्यामुळे. हात वर येत असतानाच चापावरील दाब वाढू लागतो आणि दोन्ही लक्ष्यदर्शके नजरेसमोर एका रेषेत येताच तो पूर्ण होतो. नजर पुढील लक्ष्यदर्शकावर ठेवतात; फलक किंचित धूसर दिसला तरी बिघडत नाही, कारण दहा गुणांचे वर्तुळ १० सेंमी. व्यासाचे असते.

एका फलकावरून दुसऱ्याकडे वळण्याचा कोन दोन अंशांहूनही कमी असतो. हे वळणे मनगटाने किंवा खांद्याने न करता कमरेपासून, हात व धड एकसंध ठेवून करावे लागते. मूठ सैल असल्यास प्रत्येक धक्क्यानंतर पिस्तूल वेगळ्या जागी स्थिरावते व ते सावरण्यात वेळ जातो. म्हणून सराव पहिल्या गोळीपासून करतात : हात उचलणे आणि एकच गोळी झाडणे, हे शेकडो वेळा. त्यानंतर ८ सेकंदांच्या मालिकेत लय पक्की करून ती ६ व ४ सेकंदांत आणतात. आधीच्या टप्प्यात गोळ्या विखुरत असताना पुढचा टप्पा गाठण्याची घाई केल्यास दोष मुरतो व तो काढणे अतिशय कठीण जाते.

भारतात अशा पिस्तुलासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो आणि काडतुसेही महाग पडतात. साहजिकच बहुतेक तरुण नेमबाज १० मी. हवाई पिस्तुलापासून आरंभ करतात. काडतुसाविना केलेला कोरडा सराव हा त्यांच्या दृष्टीने केवळ काटकसरीचा उपाय नव्हे; धक्का नसल्यामुळे चाप ओढतानाचा दोष त्यात स्पष्ट दिसतो.

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही पुण्यातच झाल्या. संकुलातील नेमबाजी केंद्रामुळे राज्यभरातील खेळाडूंस सरावाची सोय झाली. पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना रौप्यपदक मिळाले. जोडीच्या स्पर्धेतील सुवर्ण दोघींनी मिळून जिंकले. २०१४ मध्ये ग्लासगो येथे हा क्रम उलटला : राही प्रथम व अनिसा द्वितीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे राही व थायलंडची प्रतिस्पर्धी यांचे प्रत्येकी ३४ गुण झाले. पहिल्या जादा मालिकेतही बरोबरी झाली. दुसरी राही यांनी ३-२ अशी जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुरुषांत विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शीघ्रवेधी प्रकाराचे रौप्यपदक पटकाविले.

जागतिक इतिहासात हंगेरीचे कारोली टाकाच यांचे उदाहरण विलक्षण आहे. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात उजवा हात जायबंदी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने सारी कला पुन्हा आत्मसात केली व १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत याच प्रकारात सुवर्णपदके मिळविली.