बाजार पडला, पेन्शन सावरली

२०२२ मध्ये अमेरिकेत शेअर आणि रोखे दोन्ही एकदमच आपटले. एस अँड पी ५०० निर्देशांक वर्षभरात सुमारे १९ टक्के घसरला. तरीही मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या पेन्शन फंडांची तब्येत एकंदरीत सुधारली. हे कसं?

पेन्शन फंडाच्या ताळेबंदाला दोन बाजू असतात: हातातली गुंतवणूक आणि पुढे द्यायची देणी. समजा, ३० वर्षांनी १०० डॉलर द्यायचे आहेत. व्याजदर ३ टक्के असेल, तर त्यासाठी आज ४१ डॉलर बाजूला ठेवावे लागतात. दर ५ टक्के झाला की २३ डॉलर पुरतात. २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाईला लगाम घालण्यासाठी दर झपाट्याने वाढवले, त्यामुळे रोख्यांवरचा व्याजदरही चढला, आणि देण्यांचं आजचं मूल्य याच दराने काढतात. गुंतवणूक आटली खरी, पण देणी त्याहून जास्त आटली.

अशी संधी पुन्हा कधी येईल कोण जाणे, असा हिशेब करून काही कंपन्यांनी जोखीमच दुसऱ्याच्या गळ्यात घातली. आयबीएमने त्याच वर्षी सुमारे १६ अब्ज डॉलरची पेन्शनची देणी प्रुडेन्शियल आणि मेटलाइफ या विमा कंपन्यांकडे सोपवली.

दर उतरले, की हेच गणित उलटं फिरतं. त्यामुळे अनेक फंड शेअरमधला वाटा कमी करून देण्यांच्या मुदतीशी जुळणारे दीर्घ मुदतीचे रोखे घेतात. दोन्ही बाजू बरोबरीने हलल्या, की दर कुठेही जावोत, निवृत्तांच्या पैशाला धक्का कमी बसतो.