सहीपेक्षा पत्र मोठं

जबलपूरहून बोलतोय. शास्त्रज्ञांची सही असलेली पत्रं जमवायची तर सुरुवात कुठून करायची, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. आज तेच बघू.

पहिली गोष्ट, खरी किंमत मजकुराला असते. १९२२ साली आइनस्टाइन टोकियोच्या हॉटेलात उतरले होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी बक्षिशीऐवजी सुखी जगण्याबद्दलचं एक वाक्य लिहून दिलं. २०१७ मध्ये जेरुसलेमच्या लिलावात तो कागद सुमारे १५ लाख ६० हजार डॉलरना गेला. नुसत्या सहीला एवढे पैसे कोण देणार?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. अणूपासून वीज तयार होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे बघावं लागू नये, असा त्यात विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा १७ महिने बाकी होते! त्या पत्रातून पुढच्याच वर्षी टीआयएफआर उभी राहिली.

दुसरी गोष्ट, खरं-खोटं ओळखणं. छापील सही, रबरी शिक्का, सेक्रेटरीने केलेली सही, सही करणारं यंत्र, हे सगळं बाजारात ‘अस्सल’ म्हणून फिरतं. भिंगातून बघा. खऱ्या सहीत पेन कुठे दाबलं, कुठे उचललं ते दिसतं. नक्कल करणाऱ्याची रेघ सावकाश आणि थरथरती येते. मग तारीख, गाव आणि पत्ता जुळवून बघा: त्या दिवशी तो माणूस त्या गावात होता का? आणि कागद कुणाकडून कुणाकडे आला, ते विचाराच.

तिसरी गोष्ट, कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं कागदपत्र ही पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशातल्या भाच्याने कितीही आग्रह केला, तरी कुरिअर करू नका.

आणि जपणूक. आमच्याकडे मे महिन्यात कागद पापडासारखा कडक होतो आणि जुलैत ओल धरतो. म्हणून लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, लोखंडी टाचण्या नकोत. आम्लरहित कागदात घालून उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. पाकीटही टाकू नका. पोस्टाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा असतो.

आता मला खरी काळजी वाटते ती सांगतो. आपल्या कितीतरी घरांत आजोबा प्राध्यापक होते, कुणी प्रयोगशाळेत, कुणी इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत. त्यांची पत्रं ट्रंकेत आहेत, आणि घर विकायची वेळ आली की ट्रंक रद्दीत जाते. नाव प्रसिद्ध नसलं तरी चालेल, देण्याआधी एकदा वाचा. तारीखवार लावा, फोटो काढा. विज्ञानाशी संबंधित काही सापडलं, तर मुंबईत टीआयएफआरचं किंवा बंगळुरूत एनसीबीएसचं अभिलेखागार आहे, तिथे विचारा.

रद्दीवाला किलोचा भाव देतो. गेलेलं पत्र मात्र कुठल्याच भावाने परत मिळत नाही.