पिकअप वाहनाच्या दरवाजाचे तुटलेले हँडल : बदलण्याची रीत व घ्यावयाची दक्षता

बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी पिकअप वाहने हे या भागातील नित्याचे दृश्य आहे. अशा वाहनातील चालकाच्या बाजूचा दरवाजा दिवसातून जितक्या वेळा उघडतो व मिटतो, तितक्या वेळा खाजगी मोटारीचा क्वचितच उघडत असेल. प्रत्येक थांब्यावर चालक उतरतो, मागील फाळका सोडतो, माल देतो, पावती घेतो व पुन्हा चढतो. या सर्व खटाटोपात दरवाजाच्या ज्या भागावर सर्वाधिक ताण येतो तो म्हणजे बाहेरील हँडल.

हँडल तुटले की पुष्कळदा दुरुस्तीऐवजी तडजोड केली जाते. काच खाली ठेवून बाहेरून हात आत घालावयाचा व आतील हँडलने दरवाजा उघडावयाचा, ही त्यातील सर्वांत प्रचलित रीत होय. आतील हँडलही निकामी झाल्यास सळईला सुतळी बांधून तिचे टोक बाहेर काढून ठेवलेले आढळते. हे उपाय वरकरणी निरुपद्रवी वाटतात. परंतु वाहन उलटून चालक आत अडकल्यास मदतीस धावून आलेल्या माणसाच्या हाती बाहेरील हँडलच लागते. ते जागेवर नसेल तर काच फोडण्यात मोलाची मिनिटे खर्ची पडतात. शिवाय पावसाळ्यात काच सतत खाली ठेवल्याने दरवाजाच्या पोकळीत व आसनावर पाणी शिरते ते वेगळेच.

हँडल बदलण्याचे काम अवघड नाही. साधारण हत्यारे व दीड-दोन तासांची सवड असल्यास चालकालाही ते करता येते. मात्र आत काय घडते हे आधी समजून घेतले पाहिजे.

दरवाजाच्या मागील कडेस जो खटका असतो, त्याला गॅरेजमध्ये केवळ ‘लॉक’ म्हणतात. त्यात एक दुतोंडी चकती असून दरवाजा मिटताना ती खांबावरील पोलादी खुंटीस वेढून घेते. चकती उलट फिरू नये म्हणून एक जीभ तिच्या खाचेत पडते. खाचा दोन असतात. पहिलीत जीभ पडली म्हणजे दरवाजा अर्धवट मिटला व दुसरीत पडली म्हणजे पूर्ण मिटला. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ११ वा नियम दरवाजाचे खटके व बिजागऱ्या यांच्याविषयी आहे. त्यात पूर्ण मिटलेल्या खटक्याने वाहनाच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन इतका जोर सोसावा अशी अपेक्षा असून अर्धवट मिटलेल्या स्थितीसाठी तोच आकडा सुमारे ४,५०० न्यूटन आहे. अर्धवट मिटलेला दरवाजा ‘लागला आहे’ असे समजून घाट उतरणे किती धोक्याचे आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसून येईल.

बाहेरील हँडल ओढले असता त्याच्या मागील बाजूची दांडी एका बारीक सळईस ढकलते अथवा ओढते, सळई खटक्यातील जिभेस उचलते व चकती मोकळी होते. सळईचे टोक दांडीत प्लॅस्टिकच्या लहानशा क्लिपने अडकविलेले असते. एवढीच ही सारी यंत्रणा.

आता हँडल तुटते का, हा खरा प्रश्न आहे. हँडल प्लॅस्टिकचे किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि दोष त्याच्याच माथी मारला जातो. पुष्कळ वेळा मूळ दोष खटक्यात असतो. जांभ्याच्या प्रदेशातील तांबडी धूळ व किनाऱ्यावरील खारी, दमट हवा यांमुळे त्यातील ग्रीस वाळून चिकट गोळा बनते. जीभ जड होते, चालक अधिक जोराने ओढू लागतो, आणि ज्या हँडलला पूर्वी दोन बोटे पुरत असत त्याला संपूर्ण हात लागतो. एके दिवशी ते तुटते. खटका तसाच ठेवून केवळ हँडल बदलले, तर नवे हँडलही त्याच मार्गाने जाते व दुकानदाराने हलका माल दिला अशी तक्रार सुरू होते. कधीकधी हँडल धडधाकट असून आतील क्लिप तेवढी निसटलेली असते. हँडल हलके होऊन नुसते हलू लागले, तर प्रथम हीच शंका घ्यावी. अशा वेळी नवे हँडल विकत घेण्याचे कारणच नाही.

सुटा भाग आणताना वाहनाचे वर्ष व बाजू सांगावी. डाव्या व उजव्या बाजूची हँडले एकसारखी दिसली तरी त्यांच्या दांड्या उलट दिशेस असतात. किल्लीचे नळकांडे हँडलमध्येच बसविलेले असल्यास जुने नळकांडे काढून नव्यात घालावे, म्हणजे दोन किल्ल्या वागविण्याची पाळी येत नाही.

कामास आरंभ करण्यापूर्वी काच पूर्ण वर घ्यावी. ती खाली असेल तर हँडलच्या नटांपर्यंत हात पोहोचत नाही. काच विजेवर चालणारी असल्यास ती वर घेतल्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे. प्रथम हात टेकण्याच्या मुठीचे व आतील हँडलभोवतीच्या चौकटीचे स्क्रू काढावेत. काच फिरविण्याची मूठ बहुधा एका बारीक स्प्रिंगने अडकविलेली असते. मूठ व आतील पॅड यांच्यामधील फटीत जाडसर फडक्याची पट्टी घालून ती दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली असता स्प्रिंग निसटते. ती कोठे उडाली हे शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून दुसरा हात आड धरावा. जुने मिस्त्री एवढ्यासाठी खाली वर्तमानपत्र पसरतात.

त्यानंतर पॅडच्या कडेने चपटा पेचकस घालून प्लॅस्टिकच्या खुंट्या एकेक करून सोडवाव्यात. पेचकस नेमका खुंटीजवळ घातला पाहिजे, अन्यथा पुठ्ठ्याचा तुकडा पडतो. पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला असतो. तो निरुपयोगी समजून फाडून टाकण्याची खोड अनेक ठिकाणी दिसते. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी हे येणारच. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे अशी योजना असते. मधला कागद नसल्यास तेच पाणी पॅडवर येऊन पॅड फुगतो व कुजतो. म्हणून कागद हळुवार सोलून बाजूस ठेवावा व पुन्हा चिकटवावा.

आता दरवाजाच्या पत्र्यातील मोकळ्या जागेतून हँडलची मागील बाजू दिसू लागते. पत्र्याच्या कडा धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालावेत. सळईची क्लिप आधी फिरवून तिचा पकडणारा भाग सळईवरून दूर करावा व मग सळई काढावी. सरळ हिसका दिल्यास क्लिप तुटते व एवढ्याशा वस्तूसाठी काम अडून राहते. हँडलचे दोन नट आठच्या किंवा दहाच्या बॉक्स पान्याने सोडवावेत. नट पोकळीत पडू नये म्हणून पान्याच्या तोंडास थोडे ग्रीस लावावे.

हँडल निघाले की खटक्याकडे वळावे. तो रॉकेलमध्ये भिजविलेल्या कुंचल्याने धुऊन, फडक्याने कोरडा करून त्यास ताजे ग्रीस लावावे. इंजिनातून काढलेले काळे तेल ओतण्याची पद्धत आहे, पण त्यावर धूळ बसून काही महिन्यांतच पूर्वीची स्थिती येते. त्याच वेळी दरवाजाच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत.

नवे हँडल बसवून सळई जोडल्यावर कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी येते आणि नेमकी तीच घाईत वगळली जाते. दरवाजा उघडाच ठेवून पेचकसाने खटक्याची चकती दोन्ही खाचांपर्यंत फिरवावी, म्हणजे खटका मिटेल. मग बाहेरील हँडल ओढावे. चकती झटकन सुटली पाहिजे. हाच प्रयोग आतील हँडलने व किल्लीनेही करावा. जोडणी चुकलेली असताना दरवाजा मिटला, तर तो कोणत्याच बाजूने उघडत नाही. मग दुसऱ्या दरवाजाने आत शिरून मिटलेल्या दरवाजाचा पॅड काढावा लागतो व हाताने सळई ओढावी लागते. हे काम किती जिकिरीचे असते हे एकदा करणाराच जाणे.

सळईच्या टोकाशी आटे असल्यास तिची लांबी जुळविता येते. हँडल विश्रांतीच्या स्थितीत असताना सळईत किंचित सैलपणा राहिला पाहिजे. सैलपणा फार झाला तर हँडल पूर्ण ओढूनही जीभ उचलली जात नाही. तो मुळीच नसेल तर जीभ सदैव थोडी उचललेली राहते, खाचेत पूर्ण पडत नाही, आणि दरवाजा मिटल्यासारखा वाटूनही एखाद्या खड्ड्यात उघडतो. नव्या हँडलने दरवाजा फारच हलका उघडतो म्हणून समाधान मानण्याआधी हा सैलपणा तपासावा.

यानंतर कागद, पॅड, मुठी व स्क्रू उलट क्रमाने बसवावेत. शासकीय वाहन असल्यास बदललेल्या भागाची नोंद वाहनाच्या नोंदवहीत करून मोडके हँडल भांडारात जमा करावे. आठवडाभराच्या वापरानंतर हँडल बाहेरून हलवून पाहावे. नट किंचित सैल झाल्याचे आढळल्यास पॅड काढून ते पुन्हा आवळावेत.