एसी गार का करत नाही?

मे महिन्यातील दुपार आहे. बाहेर रणरणते ऊन आहे. घरातील एसी सकाळपासून सुरू आहे; पण खोली काही गार होत नाही. आजारी दादी घामाघूम झाल्या आहेत. अब्बा म्हणतात, "गॅस संपला असेल. मेकॅनिकला बोलवावे लागेल. आता खर्च आलाच!"

अशा वेळी तुम्ही काय कराल? आधी दादींना पाणी द्या, पंखा लावा. मग एसीकडे वळा.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीवरचा पोहरा आठवा. तो रिकामा खाली जातो, भरून वर येतो, पाणी ओततो आणि पुन्हा खाली जातो. एसीच्या नळ्यांतील गॅस या पोहऱ्यासारखाच आहे. तो खोलीत उष्णता घेतो, बाहेर ती सोडतो आणि पुन्हा आत येतो. खोलीतील उष्णता त्या नळ्यांपर्यंत आणते ती हवा. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : हवेची वाट कुठे अडली आहे?

प्रथम रिमोट पाहा. धाकट्या भावाने चुकीचे बटण दाबले असेल, तर एसी नुसत्या पंख्यासारखा चालतो. रिमोटवर हिमकणाचे चिन्ह दिसले पाहिजे. तापमान २४ अंशांवर ठेवा. ते १६ अंशांवर नेल्याने बिघाड दूर होत नाही. वीज मात्र जास्त खर्च होते. दारे-खिडक्या बंद आहेत का, तेही पाहा.

आता जाळी तपासा. त्याआधी एसीचे मुख्य बटण बंद करा आणि घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. पुढचे झाकण उघडले, की बारीक जाळी दिसते. तिच्यावर धुळीचा थर साचला असेल, तर आत हवा जाणार कशी? जाळी साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पुन्हा बसवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे काम करावे. पुष्कळदा एवढ्यानेच एसी पुन्हा गार हवा देऊ लागतो.

कधी आतल्या नळ्यांवर बर्फ जमलेला दिसतो. बर्फ पाहून एसी खूप गार करतो आहे, असे वाटते. खरे उलटेच असते! बर्फामुळे हवा नळ्यांपर्यंत पोहोचत नाही. एसी काही तास बंद ठेवा. बर्फ आपोआप वितळू द्या. तो सुरीने खरवडू नका. नळीला छिद्र पडेल. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ जमला, तर मेकॅनिकला दाखवा.

बाहेरच्या यंत्राकडे खिडकीतूनच पाहा. त्याच्यासमोर खोके किंवा वाळत घातलेली चादर असेल, तर गरम हवा कोंडते. अडथळा हाताशी असेल, तरच काढा. यंत्राचा पंखा फिरत नसेल, तर एसी बंद करा. खिडकीच्या गजांवर चढू नका. यंत्र उघडू तर मुळीच नका. वीज बंद केल्यावरही त्याच्या आतील एका भागात वीज साठून राहते. तिचा जबर धक्का बसू शकतो.

एवढे करूनही खोली गार झाली नाही, तर मेकॅनिकला बोलवा. तो म्हणाला, "गॅस संपला," तर अदबीने विचारा, "भाईजान, गॅस गेला कुठे?" पोहरा पाणी वाहून झिजत नाही, तसा गॅसही उष्णता वाहून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळत आहे. गळती बंद न करता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. पैसे जातील आणि काही दिवसांनी दादी पुन्हा घामाघूम होतील.

यंत्र बिघडले, की घाबरू नका. ते कसे चालते, हे समजून घ्या. मग काय आपण करायचे आणि काय जाणकारावर सोपवायचे, हे तुम्हांला कळेल.

स्वाध्याय

१. लेखकाने एसीतील गॅसला कोणाची उपमा दिली आहे? का?
२. जाळी स्वच्छ करण्याची कृती क्रमाने लिहा.
३. 'फुटक्या घागरीत पाणी भरणे' याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.